स्क्रीनचा उजेड

नोकरीची ऑनलाइन मुलाखत रंगात यायच्या आधीच लाईट गेली. नेट मोबाइलचं होतं, पण लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. कोण किती बॅटरी खातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर केतकीने उघडलं. सगळ्यात खादाड निघाली स्क्रीन. तिने उजेड कमी करत करत ती पार काळी केली.

समोरचे तिन्ही साहेब दिसेनासे झाले. मघाशी त्यांतल्या एकाची भुवई वर गेली नि केतकी अडखळली होती. आधीच्या मुलाखतीही अशाच हुकल्या होत्या. आता नुसते आवाज येत होते. खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत, मैत्रिणीला सांगावं तशी ती घडाघडा बोलू लागली.

मध्येच पंखा फिरला. “लाईट आली गं, आता तरी उजेड वाढव,” आई दारातून कुजबुजली.

केतकीने हेडफोनचा माइक मुठीत झाकला. “नको. साहेब दिसतील.”