कोरं राहिलेलं कार्ड

धुळ्यात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या ली नावाच्या चिनी डॉक्टरांनी पुखराजशेठना आपली ताओ साधना शिकवली होती. डोळे मिटायचे, श्वास नाभीपर्यंत न्यायचा, मनावरचं ओझं उतरू द्यायचं. शेठची जुनी डोकेदुखी कुठल्या कुठं पळाली.

बासष्टला चीनशी लढाई पेटली, पोलीस लींना घेऊन गेले आणि शेठचा श्वास पुन्हा छातीतच अडकू लागला.

पुढच्या संवत्सरीला शेठ जैन रिवाजाप्रमाणे सगळ्यांना क्षमा मागणारी कार्डं लिहीत होते. एक कोरं राहिलं.

"ली डॉक्टरांना लिहा की," बायको जतनबाई म्हणाली.

"कुठं धाडू? ते आता कुठं असतील, कुणाला ठाऊक!"

 

आपल्यावर बालंट नको म्हणून लींचं दार पोलिसांना शेठनीच दाखवलं होतं.