दहा मिनिटं आधी

हर्षालीने रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारली आणि शाळेचा चौथा तास दहा मिनिटं आधीच सुटला. या आठवड्यात घंटेची पाळी तिची होती. वेळ झाली असं गणिताच्या सरांना सांगून ती आठवीच्या वर्गातून उठली होती, कारण एकोणतीसचा पाढा म्हणायला पुढचा नंबर चेतनाचा होता. मागच्या वेळी चेतना अडखळली तेव्हा सगळा वर्ग हसला होता. मैत्रिणीसाठी एवढं तरी करायलाच हवं होतं.

पण चेतना बाहेर आली ती लालबुंद होऊन.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? चार दिवस घोकलाय मी तो पाढा! आज सगळ्यांची तोंडं बंद करणार होते. सर आता उद्यापासून भूमिती घेणार."

तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

"अख्खी शाळा पटांगणात आणलीस की गं! विश्वासाने घंटा हातात दिली, ती यासाठी?"

"सर, मीच सांगितलं होतं तिला," चेतना म्हणाली.

सरांनी दोघींना व्हरांड्यात उभं केलं. चेतना तोंड फिरवून उभी राहिली. हर्षाली गोंधळली. ही रागावलीय, की हिने माफ केलंय?

"चिडलीयस ना?" तिने हळूच विचारलं.

"खूप."

"मग सरांशी खोटं का बोललीस?"

"भांडण आपल्या दोघींचं आहे," चेतना म्हणाली. "त्यात सरांचं काय काम?"