दुसऱ्याची बाजू

देशादेशांमधले तंटे मिटवण्याचं शिक्षण घेऊन इंद्रभान अमेरिकेहून मोताळ्याला परतला. घरात मात्र वडिलांचा आणि किसनकाकांचा धुऱ्याचा तंटा तसाच होता, आजी वारली त्या वर्षी सुरू झालेला. शेतातल्या त्या हातभर बांधापायी दोघं सख्खे भाऊ बुलढाण्याच्या कोर्टात चकरा मारून थकले होते.

"एवढा शिकून आला, तं आता आमचंही मिटव," वडील म्हणाले. इंद्रभानच्या अंगातला प्रवासाचा शीणही अजून गेला नव्हता.

त्याला तैवानहून शिकायला आलेला चिनी वर्गमित्र चेन आठवला. सीमेवरची लढाई ताजी असताना प्रोफेसरांनी चेनला भारताची बाजू मांडायला लावली होती आणि इंद्रभानला चीनची. चेन इतकं मनापासून बोलला, की शेवटी स्वतःच मान खाली घालून बसला.

इंद्रभाननं खामगावहून काकांना बोलावून घेतलं आणि दोघा भावांना ओसरीवर समोरासमोर बसवलं.

"बाबा, तुमी काका व्हा. काका, तुमी बाबा व्हा. अन् मग भांडा."

"हा काय पोरखेळ लावला बे?" काका वैतागले.

वडील बराच वेळ सारवणावर बोटानं रेघा ओढत राहिले. मग धाकट्या भावाकडं न पाहता हळूच म्हणाले,

"दादा, धुऱ्याचं जाऊ दे. माय गेली तवा मले सांगावा काऊन नाही धाडला?"