एका सर्वनामाचा प्रश्न

संपादक हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यांच्या हातात धाकटीची नवी गोष्ट होती. समोरच्या खुर्चीत थोरली बहीण अंग चोरून बसली होती आणि तिचा नुसता जळफळाट होत होता.

या साप्ताहिकात विनोदी कथा लिहिता लिहिता थोरलीचे केस पांढरे झाले होते. धाकटी आत्ता कुठे लिहायला लागली होती, तेही दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देता देता. आणि वाचकांची पत्रं यायची ती धाकटीला. थोरलीने तिची एकही गोष्ट धड वाचली नव्हती. पहिल्या ओळीतला 'मी' दिसला की तिचं डोकं उठायचं. ती पान उलटायची.

संपादकांनी आता थोरलीची गोष्ट उचलली. ती तिने चक्क धाकटीवर लिहिली होती. नाव नव्हतं, नुसती 'ती' होती. पण पाहुण्याचा शेवटचा घोट संपायच्या आत त्याची कपबशी विसळणारी, नवऱ्याशी कडाकडा भांडताना उशांचे अभ्रे सारखे करणारी बाई ओळखीत एकच होती. शेवटी नवरा घर सोडून जातो आणि 'ती' त्याने मागे टाकलेला पसारा आवरत बसते. धाकटीचा नवरा खरंच गेला होता.

लिहिलंय झकास, संपादक म्हणाले, पण लेखिका लांब उभी राहून या बाईला खडे मारतेय असं वाटतं. 'ती'चं 'मी' करून बघा. थोरलीने साफ नकार दिला. मग आधी बहिणीला दाखवा, ते म्हणाले, तिची हरकत नसेल तर छापतो.

थोरली तडक धाकटीच्या घरी गेली. खरं तर तिला वाचतानाचा धाकटीचा चेहरा बघायचाच होता.

कपबशीपाशी धाकटी हसली. अभ्र्यांपाशीही हसली. मग हसू थांबलं. शेवटचं पान तिने दोनदा वाचलं, कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "छापू देत. माझी हरकत नाही."

एवढ्यावर निभावलं असतं. पण थोरलीचं समाधान होईना. तुझ्या संपादकांना 'मी'च लागतो, ती फणकारली. स्वतःची फजिती सांगून टाळ्या घ्यायला अक्कल लागत नाही.

"ताई, तू माझी एक तरी गोष्ट वाचलीस का?"

धाकटीने कपाटातून एक जुना अंक काढून तिच्यापुढे उघडून धरला.

गोष्टीतला 'मी' एका घरी सांत्वनाला जातो. म्हणजे जाते. दार उघडणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. 'मी' तिला मिठी मारून हुंदके देते, गेलेला माणूस किती सज्जन होता ते सांगते. तेवढ्यात तो सज्जन टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर येतो आणि विचारतो, कांदे चिरून झाले का? मजला चुकलेला असतो.

थोरली खदखदून हसली. हसता हसता ती मध्येच थांबली. तो मजला तीच चुकली होती. धाकटीला गळ्याची शपथ घालून तिने हे सांगितलं होतं. तिने भराभर दुसरा अंक उघडला, मग तिसरा. सगळीकडे तिचीच फजिती होती.

"हे सगळं माझं आहे," ती कशीबशी म्हणाली. "मग 'मी' कशाला लिहिलंस?"

"आधी 'ती'च लिहिलं होतं," धाकटी म्हणाली. "वाचून बघितलं, तर वाटलं, लोक तुला हसतील. मला हसले तर चालतं, ताई."