चारची सावली

"आज सावली पडली, तर मिशी भादरून घेईन. इथंच, चौकात," अनंतराव म्हणाले.

"लागली पैज!" शेजारच्या बापू चौघुल्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. "वस्तरा माझा, साबण तुमचा."

सोसायटीवर आता आभाळ नव्हतं, छत होतं. छतातून ऊन पाडायचं काम कॉम्प्युटरचं, आणि सावल्याही त्याच्याच. रहिवाशांच्या यादीत नाव असलं, की रोजच्या वेळी रोजच्या जागी त्या माणसाची सावली पडायची. माणूस तिथं आहे की नाही, हे कोणी बघत नव्हतं.

अनंतरावांची बायको सुमती जाऊन पाच महिने झाले होते. तिची सावली मात्र रोज चारला चौकातल्या दोरीवर कपडे वाळत घालायची. सोमवारी अनंतरावांनी सोसायटीच्या ऑफिसात तिचं नाव काढायचा अर्ज दिला.

"अर्ज घेतलाय, बापू. शिक्कासुद्धा मारला."

"आणि मग त्याच्यावर चहाचा कप ठेवला असेल. मी ओळखतो ना त्यांना!"

चार वाजले. जमलेली माणसं फरशीकडे बघत होती. दोरीखाली सावली उमटली. हात वर केले, वाकली, पुन्हा हात वर केले.

कोणी हसलं नाही. अनंतराव खुर्चीत बसले. बापूंनी फेस लावला, वस्तरा ओठावर टेकवला.

"थांबा."

"का हो, घाबरलात?"

"नाही. खुर्ची जरा दोरीखाली घ्या. इथं ऊन लागतंय."