ओंजळभर केस

छबूबाईनं खोक्यातलं पाचट ओढलं, तर त्याच्याबरोबर केस आले. पांढरे, मऊ, ओंजळभर. तिनं सशाच्या मादीला उचलून पाहिलं. छातीखाली केसच नव्हते. उघडी गुलाबी कातडी दिसत होती.

"खरूज झाली वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. करंजाचं तेल आणून तिनं तिथं चोळलं. केस, पाचट, सगळं गोळा करून उकिरड्यावर टाकलं.

आज अकरावा दिवस होता. तिची लेक राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मूल गेलं तरी बाळंतपणाचा विटाळ दहा दिवसांचाच. अकराव्या दिवशी घर सारवायचं, अंथरूण-पांघरूण धुवायचं, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. त्या दुष्काळाच्या साली नेवाशात प्रवरेच्या वाळूत झिरे खणून पाणी भरावं लागे. तरी छबूबाईनं सकाळपासून आठ हंडे आणले. घराचा कोपरा न् कोपरा धुतला. शेवटच्या हंड्यात अंगणातलं सशाचं खोकंही धुतलं.

सशांची जोडी राहीची. तिचा बाप कोंडीराम गुरांच्या दवाखान्यात शिपाई होता. त्यानं ती तिच्या लग्नाआधी आणली होती. नर महिन्यापूर्वी कुत्र्यांनी नेला. मादी एकटी राहिली. पौषातली थंडी कडक होती. कोंडीरामानं खोकं चार विटांवर चढवलं, वाऱ्याच्या बाजूनं पोतं बांधलं, आत पाचट अंथरलं.

"डाक्टरसायेब म्हनत्यात, सश्याला थंडी मारत न्हाई. ओल मारती," तो रोज बजावून दवाखान्यात जायचा.

शेजारची केशरबाई कुडावरून बघायची. "बैलं छावनीत उपाशी, आन छबूच्या सश्याला गादी. पुढल्या जल्मी तुज्याकडंच येते गं बाई, ससा हून."

छबूबाई ऐकून घ्यायची. राही एवढ्या दिवसांत रडली नव्हती, बोलली नव्हती. उंबऱ्यात बसून खोक्याकडं बघत राहायची. बघता बघता भाकरीचे दोन घास पोटात जायचे, तेवढेच. मुकं जनावर जगलं तर पोरगी जगेल, असं छबूबाईच्या मनानं घेतलं होतं.

दूध मात्र थांबत नव्हतं. ते आटावं म्हणून छबूबाई दोन्ही वेळेला राहीच्या छातीला जुन्या लुगड्याचं फडकं आवळून बांधायची. तासाभरात फडकं भिजायचं. दुपटी आणि कुंची छबूबाईनं पहिल्याच दिवशी ज्वारीच्या कणगीमागं दडवली होती.

दिवस मावळला तरी खोकं पुरतं वाळलं नाही. वरून कोरडं, पण फळ्यांच्या फटीत ओल. पाचट संपलेलं. लोक ते गुरांना घालत होते. केशरबाईकडं मागायला जीभ रेटेना. छबूबाईनं एक पोतं दुमडून आत टाकलं आणि मादीला सोडलं. मादी पोत्याचे दोरे दातांनी उपटत, तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिली. तेल झोंबत असेल, असं छबूबाईला वाटलं.

सकाळी तिनं पोतं वर केलं. मादी आडवी पडली होती, ताठ. तिच्या पोटाशी चार पिल्लं होती. बोटाएवढी, अंगावर केस नसलेली, थंडगार.

छबूबाईच्या हाकेसरशी कोंडीराम बाहेर आला. त्यानं मादीला उलटून पाहिलं.

"हिच्या छातीचं केस कुटं गेलं?"

"खरूज हुती. काल टाकलं उकिरड्यावर."

कोंडीरामानं मादीला परत खाली ठेवलं. मग आवाज न चढवता म्हणाला, "खरूज न्हाई. व्यायच्या आदी मादी सोताच्या अंगाचं केस उपटती. पिलांना ऊब हावी म्हून."

छबूबाई उकिरड्याकडं गेली. केस दवानं भिजून राखेला चिकटले होते. ते तिनं बोटांनी वेचून बघितले. मग तशीच परत आली.

"राही उठायच्या आत पुरून टाका," ती म्हणाली. "तिला दिसाय नगं."

कोंडीरामानं एकेक पिल्लू उचलून तळहातावर घेतलं. तीन झाली. चौथं घेतलं आणि तो थांबला.

"ह्ये हालतंय."

राही कधीची मागं उभी होती, ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती पुढं आली. तिनं बापाच्या हातातून पिल्लू घेतलं, ओंजळीत झाकलं आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. एकदा, दोनदा. मग उंबऱ्यात जाऊन बसली.

"थांब, केशरबाईच्या शेळीचं दूध आनते," छबूबाई म्हणाली आणि वळली.

"कशाला?"

बारा दिवसांतला तो राहीचा पहिला शब्द. छबूबाई जागच्या जागी थांबली.

राहीनं पिल्लू गळ्याशी धरलं होतं. दुसऱ्या हातानं ती छातीवरच्या फडक्याची गाठ सोडत होती.

"कापसाची वात तेवढी दे, आई."