धूर आला, द्राक्षं बाकी

व्हिस्की चाखून शेरा लिहिणाऱ्या बाईंचं गेलेलं नाक परत आलं, असं त्यांना वाटलं. पण ते खरं तर आलंच नव्हतं, हे धरून पुढचं वाचा.

सहा महिन्यांपूर्वीच्या तापात त्यांना वास येणंच बंद झालं. साहेबांना कळलं तर नोकरी जाणार, म्हणून त्या जुनेच शेरे उलटसुलट करून लिहीत होत्या. आज गोदामात त्यांच्यासमोर नवी स्कॉच होती: आधी धुराचा वास आणि शेवटी वाइनच्या पिंपात मुरवल्यामुळे मागाहून द्राक्षांचा वास देणारी. बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दादा! अहो, मला धुराचा वास येतोय!" त्या गोदामवाल्याला म्हणाल्या.

"येणारच की! मागचं गोदाम पेटलंय. आधी पळा!"

"थांबा हो जरा, द्राक्षं यायची आहेत अजून."

दादांनी त्यांना ग्लासासकट ओढत बाहेर नेलं. आग विझली, तसा ग्लासातला धूरही गायब झाला. बाईंनी तीनतीनदा नाक बुडवून पाहिलं.

संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर बाईंचा अर्ज होता: "शेरा अर्धवट राहिला आहे. तरी द्राक्षांचा वास येईपर्यंत गोदाम पुन्हा पेटवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."